मिरगाची वही: कोकणात घरच्या घरी हवामान कसं मोजावं आणि त्यातला बदल कसा ओळखावा

मिरग, म्हणजे जूनमधलं मृग नक्षत्र, कोरडा गेला की कोकणात एक वाक्य हमखास ऐकू येतं: "हवामानच बदललं." कधी ते खरं असतं, कधी नसतं. आठवणीवर विसंबून ते ठरवता येत नाही, कारण आठवणीत पूर राहतो, उघडीप राहत नाही. शाळेच्या भूगोलातला फरक इथे कामाला येतो. आज दारात काय चाललंय ती हवा. त्याच ठिकाणची निदान तीस वर्षांची हवा, तिची सरासरी आणि तिचे चढउतार मिळून हवामान. एका मोसमावरून हवामानाचा निकाल देणं म्हणजे एका पेटीवरून अख्ख्या बागेचा हिशेब मांडणं.

म्हणून आधी मोजायचं, मग कारण शोधायचं. आणि कारण शोधताना दरवेळी विचारायचं, की हे कारण किती काळात काम करतं? समुद्रावरून येणारा खारा वारा दिवसाच्या हिशेबाने चालतो, पॅसिफिक महासागर तापतो तो एल निनो काही वर्षांच्या, कार्बन डायऑक्साइड दशकांच्या, पृथ्वीची कक्षा हजारो वर्षांच्या, आणि सड्यावरचा, म्हणजे माळपठारावरचा, लाल जांभा दगड लाखो वर्षांच्या. यंदाच्या पावसाला हजार वर्षांचं कारण चिकटवलं की वाद रंगतो, हाती काही लागत नाही.

पर्जन्यमापक बनवणं

बाजारात तयार पर्जन्यमापक मिळतात, पण स्वस्तातल्या बहुतेकांची नळी शंभर-दीडशे मिमीला भरते. कोकणात जुलैमधली एक रात्र तिला पुरत नाही. त्यापेक्षा घरी बनवलेला बरा.

लागतं ते असं: रंगाची २० लिटरची रिकामी बादली झाकणासकट, सहा इंची पीव्हीसी पाइपचा साधारण ३० सेंमी लांब तुकडा, पाइपात घट्ट बसेल असं नरसाळं, तेलाचा ५ लिटरचा कॅन आणि सिलिकॉन. पाइपाची वरची कड करवतीने सरळ कापून पॉलिश पेपरने घासायची. कड वेडीवाकडी असेल तर माप कायमचं चुकतं. नरसाळं कडेपासून १५ सेंमी खाली, आतून सिलिकॉनने बसवायचं. ते इतकं खाली ठेवायचं कारण जोराच्या सरीत थेंब नरसाळ्याच्या उतारावर आपटून बाहेर उडतात; उभी भिंत त्यांना आत ठेवते. झाकणाला पाइपाच्या मापाचं भोक पाडून पाइप त्यातून घालायचा, फट सिलिकॉनने बंद करायची. नरसाळ्याची चोच बादलीतल्या कॅनमध्ये सैल सोडायची. घट्ट बसवली तर कॅनमधल्या हवेला वाट राहत नाही आणि पाणी नरसाळ्यातच तुंबतं.

आता हिशेब. पाइपाचा आतला व्यास काटकोनात दोनदा मोजा आणि सरासरी घ्या. समजा १५.२ सेंमी आला. तोंडाचं क्षेत्रफळ ०.७८५४ × १५.२ × १५.२, म्हणजे १८१.५ चौरस सेंमी. १ मिमी पाऊस म्हणजे तेवढ्या क्षेत्रावर १ मिमी जाडीचा थर, म्हणून १८.१५ मिली पाणी. सकाळी कॅनमध्ये १,५४० मिली निघालं तर १,५४० भागिले १८.१५, पाऊस ८४.८ मिमी. व्यास मोजताना दोनच मिलिमीटरची चूक झाली तर क्षेत्रफळ अडीच टक्क्यांहून जास्त चुकतं, आणि ३,००० मिमीच्या मोसमात ते जवळपास ८० मिमी होतात. पट्टी नीट धरणं हे सगळ्या कामातलं सर्वांत महत्त्वाचं काम आहे.

पाणी मोजायला मोजपात्र चालतं, पण किचनमधला डिजिटल काटा जास्त बरा. रिकाम्या कॅनचं वजन लिहून ठेवा. भरल्या वजनातून वजा केलं की जितके ग्रॅम तितके मिली. कॅन २७५ मिमीला भरतो. त्यापुढचं पाणी बादलीत सांडतं, तेही मोजून मिळवायचं. दोन्ही मिळून सुमारे ८०० मिमी मावतात. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस नोंदला गेला. तेवढा इथे पडला तर १७ लिटर होतील, म्हणून असा दिवस दिसला की संध्याकाळीच एकदा मोजून रिकामं करायचं आणि दोन्ही आकडे बेरजेसकट लिहायचे. त्याच दिवशी कुलाब्याला शंभर मिमीही पडला नव्हता. शेजारच्या गावाचा आकडा आपला म्हणून का घ्यायचा नाही, याला यापेक्षा मोठा दाखला नको.

जागा निवडताना भल्याभल्यांची चूक होते. गच्चीवर ठेवू नका. छपरावरून वारा वेग घेतो आणि थेंब तोंडावरून पुढे निघून जातात. माप कायम कमी येतं. पागोळ्यांच्या जवळ नको, काँक्रीटवर नको, उघड्या कातळावर नको, कारण तिथून उडालेलं पाणी आत जातं. माडाखाली तर नकोच. नियम असा, की अडथळा मापकाच्या कडेपेक्षा जितका उंच, त्याच्या निदान दुप्पट अंतर राखायचं. १५ मीटरचा माड असेल तर ३० मीटर. वाडीत एवढी मोकळीक मिळत नाही हे खरं. मग घराच्या खळ्यातली त्यातल्या त्यात मोकळी जागा घ्या आणि कुठल्या दिशेला काय आड येतं ते वहीत लिहा. थोडी वाईट पण तीस वर्षं न हललेली जागा ही उत्तम पण दर दोन वर्षांनी बदलणाऱ्या जागेपेक्षा कधीही सरस.

तोंडाची कड जमिनीपासून निदान ३० सेंमी वर हवी. बादली जमिनीत पुरायचा मोह होतो, तो टाळा. आषाढात खड्ड्यात पाणी भरतं आणि रिकामी बादली चक्क तरंगून आडवी होते. जमिनीवरच ठेवून चार बाजूंनी जांभ्याचे चार चिरे लावा, तारेने आवळा आणि कड समतल आहे का ते गवंड्याच्या लेव्हलने तपासा. शेवाळ, पानं, कावळ्याची घाण यांनी चोच बुजते. आठवड्याला एकदा बाटलीच्या ब्रशने साफ करा. रोज कॅन उपडा केला की डासांचीही सोय होत नाही.

वेळ सकाळी साडेआठची. भारतीय हवामान विभाग हीच वेळ पाळतो, म्हणून त्यांच्या आकड्याशी तुलना करता येते. साडेआठला मोजलेला पाऊस त्याच दिवसाच्या तारखेला लिहायचा, जरी तो बहुतेक आदल्या दिवशी पडलेला असला तरी. २१ तारखेच्या रात्री कोसळलेला पाऊस २२ च्या रकान्यात जातो. हे एकदा ठरवून वहीच्या पहिल्या पानावर लिहा, नाहीतर पाच वर्षांनी स्वतःच्याच नोंदी वर्तमानपत्राशी जुळत नाहीत म्हणून डोकं धरून बसाल.

पाऊस नसेल तर ०.० लिहा. मोजायचं राहिलं तर आडवी रेघ. हे दोन्ही एकच नाहीत. रिकाम्या रकान्याने आजवर जितके तक्ते बिघडवलेत तितके पावसाने बिघडवले नसतील. गणपतीत दोन दिवस बाहेर गेलात तर परतल्यावर एकूण आकडा लिहा आणि "दोन दिवसांचा" असा शेरा मारा, निम्मा-निम्मा वाटू नका. २.५ मिमी किंवा जास्त पडला तर तो पावसाचा दिवस. ६४.५ ते ११५.५ मिमी मुसळधार, ११५.६ ते २०४.४ अतिमुसळधार, त्यापुढे अत्यंत मुसळधार, हे हवामान विभागाचे टप्पे आहेत. वर्षअखेर या चारही प्रकारचे दिवस वेगळे मोजा. एकूण बेरजेपेक्षा ही मोजणी पुढे जास्त बोलते.

तापमान आणि दमटपणा

पडवीत खिळ्याला टांगलेला थर्मामीटर हवेचं तापमान सांगत नाही, भिंतीचं सांगतो. जांभ्याची भिंत दिवसभर तापते आणि मध्यरात्रीपर्यंत उष्णता सोडत राहते. त्यासाठी आडोसा करायचा: पांढऱ्या प्लास्टिकच्या सात उथळ थाळ्या उपड्या एकावर एक, मध्ये दोन-दोन सेंमी अंतर, तीन आटेवाल्या सळ्यांवर नटने कसलेल्या. वरच्या दोन अखंड, खालच्या पाचांना मधोमध भोक, त्या पोकळीत कमाल-किमान दाखवणारा डिजिटल सेन्सर. वारा खेळतो, ऊन आणि पाऊस आत येत नाही. जमिनीपासून दीड मीटर उंच, गवतावर, भिंतीपासून दूर एका खांबावर उभा करा. किनाऱ्यावर बॅटरीचे संपर्क वर्षभरात हिरवे पडतात. त्यावर पेट्रोलियम जेलीचं बोट फिरवा.

सेन्सर बरोबर आहे का ते वर्षातून एकदा बघायचं. थर्मासमध्ये बारीक फोडलेला बर्फ घ्या, तो जेमतेम बुडेल इतकं थंड पाणी घाला, ढवळा, दहा मिनिटं थांबा. प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेला सेन्सर त्यात ०.० दाखवायला हवा. ०.६ दाखवला तर प्रत्येक नोंदीतून ०.६ वजा. किनाऱ्यालगतच्या विहिरीचं पाणी मचूळ असेल तर ते वापरू नका. मीठ मिसळलेला बर्फ शून्याच्या खाली वितळतो. ही खटपट का करायची? १९०१ ते २०१८ या काळात भारताचं सरासरी तापमान सुमारे ०.७ अंशाने वाढलं. अर्धा अंश चुकणाऱ्या यंत्राने हा बदल पकडता येत नाही, उलट नवा सेन्सर बसवला त्या वर्षी हवामान बदलल्यासारखं वाटतं. यंत्र बदलायची वेळ आली तर जुनं आणि नवं वर्षभर शेजारी-शेजारी चालवा.

दमटपणासाठी दुसऱ्या थर्मामीटरच्या गोळ्याला मलमलीची चिंधी बांधून तिचं टोक डबीतल्या पाण्यात सोडा. पाणी डिस्टिल्ड किंवा गाळलेलं पावसाचं. कोरड्या आणि ओल्या थर्मामीटरमधला फरक जितका कमी, तितका दमटपणा जास्त. खाऱ्या वाऱ्याने चिंधी पंधरा दिवसांत कडक होते, मग ती पाणी ओढत नाही आणि ओला थर्मामीटर कोरड्याच्या जवळ सरकतो. वाचणाऱ्याला वाटतं दमटपणा वाढला. कडक चिंधी लगेच बदला.

हाताशी ही दोन यंत्रं आली की एक प्रयोग फुकटात होतो. जानेवारीत निरभ्र रात्रीनंतर दिवसाच्या कमाल-किमान तापमानात दहा-बारा अंशांचा फरक दिसतो. जुलैत सलग मळभ असताना तोच फरक तीन-चार अंशांवर येतो. दिवसा ढग ऊन अडवतात हे एक. पण रात्री काय? रात्री जमीन उष्णता वर फेकत असते, आणि ढग व हवेतली वाफ ती शोषून पुन्हा खाली पाठवतात. गोधडी पांघरावी तसं. हेच हरितगृह परिणामाचं मूळ काम. वातावरणातले हे वायू नसते तर पृथ्वीचं सरासरी तापमान सुमारे उणे १८ अंश असतं. प्रत्यक्षात ते १५ च्या आसपास आहे.

कारणं, जवळून लांबपर्यंत

दिवसाच्या मापाचं कारण किनाऱ्यावर सगळ्यांच्या ओळखीचं आहे. जमीन लवकर तापते, समुद्र सावकाश. दुपारी खारा वारा आत येतो, पहाटे मतलई बाहेर जातो. मार्चमध्ये कधीकधी पूर्वेचा कोरडा वारा जोर धरतो आणि खाऱ्या वाऱ्याला यायला दुपार उलटते. त्या दिवशी पारा एकदम चार-पाच अंशांनी चढतो. असा आकडा आला तर शेजारी वाऱ्याची दिशा आणि खारा वारा सुरू झाल्याची वेळ लिहा. ती नोंद नसेल तर पुढे कुणीही त्या एका दिवसाला जागतिक तापमानवाढ म्हणेल.

समुद्राचा धाक वर्षभर चालतो. रत्नागिरीत जानेवारीची पहाट साधारण १८-१९ अंशांची, पुण्यात ११-१२ ची. पुणं ५६० मीटर उंच आहे म्हणून तीन-साडेतीन अंश समजू शकतात. बाकीचा फरक समुद्राची साठवलेली ऊब आणि पुण्याची कोरडी हवा यांचा.

ऋतूंचं कारण मात्र पृथ्वीचा कललेला आस, सध्या २३.४ अंश. सूर्य जवळ आल्याने उन्हाळा होतो हा समज अजून चांगल्या शिकलेल्यांतही भेटतो. पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ ३-४ जानेवारीच्या सुमारास असते, ऐन थंडीत. पडताळा घ्यायचा तर सपाट जागी ओळंब्याने सरळ केलेली एक काठी रोवा. रत्नागिरीच्या अक्षांशावर ८ मे आणि ५ ऑगस्टच्या आसपास मध्यान्हीला तिची सावली नाहीशी होते. मध्यान्ह म्हणजे घड्याळातले बारा नव्हेत, आपण ८२.५ रेखांशाच्या वेळेवर चालतो, म्हणून इथे सूर्य साडेबाराच्या पुढे माथ्यावर येतो. ऑगस्टमधली सावली ढगांमुळे बहुधा बघायला मिळत नाही, आणि मे इतकंच उभं ऊन असूनही ऑगस्ट गार का, त्याचं उत्तरही त्या ढगांतच आहे.

मोसमी वारा म्हणजे खाऱ्या वाऱ्याचाच थोरला भाऊ, असं सोपं करून सांगतात. ते अर्धवट आहे. दक्षिण गोलार्धातून निघालेली हवा विषुववृत्त ओलांडते, पृथ्वीच्या फिरण्यामुळे उजवीकडे वळते, सोमालियाच्या किनाऱ्याजवळ वेग घेते आणि अरबी समुद्रावरून वाफ उचलत कोकणावर आदळते. पण नुसती दमट हवा पाऊस देत नाही; तिला वर चढावं लागतं. सह्याद्री ते काम करतो. कोरडी हवा दर किलोमीटरला जवळजवळ १० अंशांनी निवते. ढग धरू लागला की वाफेतली उष्णता सुटते आणि हा वेग पाच-सहा अंशांवर येतो. निवलेल्या हवेला वाफ धरवत नाही. आंबोली वर्षाला ७,००० मिमीच्या घरात जाते, खाली किनाऱ्यावरच्या वेंगुर्ल्याला त्याच्या निम्माही पडत नाही. माथा ओलांडून हवा उतरू लागली की उलट खेळ: महाबळेश्वरच्या सहा हजाराच्या आसपासच्या पावसाचे पाचगणीत दीड-दोन हजार होतात आणि वाईत हजाराच्याही आत. म्हणून कोकणातल्या दोन मापकांची तुलना करताना किनाऱ्यापासूनचं अंतर आणि उंची आधी लिहा.

वर्षावर्षाचे चढउतार दूरच्या समुद्रांवरून येतात. पॅसिफिकचा मधला-पूर्वेकडचा भाग नेहमीपेक्षा तापला की एल निनो. तो साधारण दोन ते सात वर्षांनी फिरून येतो आणि बहुतेकदा भारतातला पाऊस ओढून धरतो. २००२, २००९ आणि २०१५ ही त्याची वर्षं. २०२३ चा ऑगस्ट देशभरात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ठरला, तोही एल निनोतच. पण १९९७ चा एल निनो जबरदस्त असूनही देशात पाऊस सरासरीइतका झाला, कारण त्या वर्षी हिंदी महासागराचा पश्चिम भाग पूर्वेपेक्षा उबदार होता. २०१९ ला ही समुद्री तफावत फार मोठी होती, आणि मोसम सरासरीच्या ११० टक्क्यांवर गेला. वहीत दर जूनला एका कोपऱ्यात "एल निनो / ला निना / काही नाही" एवढं लिहून ठेवा. कोकणात त्याचा फटका मराठवाड्याइतका सरळ दिसत नाही, पण तीस वर्षांनी त्या कोपऱ्याशिवाय आकडे वाचता येणार नाहीत.

वादळाचा पाऊसही वेगळा खुणेने दाखवा. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन परिसरात किनाऱ्यावर आलं. त्याचा पाऊस जूनच्या बेरजेत पडला, पण तो मोसमी पाऊस नव्हता. मे २०२१ मधल्या तौक्तेचंही तसंच.

मोठा ज्वालामुखी हे अधूनमधून येणारं कारण. १९९१ मध्ये फिलिपिन्समधल्या पिनाटुबोने गंधकाचे कण उंच वातावरणात फेकले आणि पृथ्वी सुमारे अर्ध्या अंशाने निवली. दोन-तीन वर्षांत कण खाली बसले, परिणाम संपला. अल्पकाळाचं कारण असं असतं: येतं, जातं.

दशकांचं कारण जात नाही. वर गोधडीचं काम करणारी वाफ हवेत सरासरी नऊ-दहा दिवसच टिकते, मग पाऊस होऊन उतरते. कार्बन डायऑक्साइड तसा धुऊन निघत नाही. त्याचा मोठा वाटा शतकानुशतकं राहतो. औद्योगिक काळाआधी हवेच्या दहा लाख भागांत तो २८० भाग होता, १९५८ ला हवाईत सलग मोजणी सुरू झाली तेव्हा ३१५, आता ४२० च्या वर. अंटार्क्टिकाच्या बर्फात अडकलेले बुडबुडे सांगतात की त्याआधीच्या आठ लाख वर्षांत तो ३०० च्या पुढे कधी फारसा गेलाच नव्हता. थोडी वाढ तापमान चढवते, तापलेली हवा जास्त वाफ धरते, आणि वाफ गोधडी आणखी जाड करते.

"सूर्यच तापला असेल" या शंकेचं उत्तर मोजमापातच आहे. सूर्याच्या अकरा वर्षांच्या चक्रात त्याचं तेज एक दशांश टक्क्याने बदलतं. तो कारण असता तर वातावरण वरपासून खालपर्यंत तापलं असतं. प्रत्यक्षात खालचा थर तापतोय आणि वरचा, स्थितांबर, निवतोय. गोधडीच्या आत ऊब आणि बाहेर गारवा.

कोकणाला याचा थेट संबंध एका आकड्याने लागतो: हवा १ अंशाने तापली तर तिची वाफ धरायची ताकद सुमारे ७ टक्क्यांनी वाढते. म्हणजे एकूण पाऊस तेवढाच राहूनही तो कमी दिवसांत, जास्त जोराने पडू शकतो. मध्य भारतात १९५० ते २०१५ दरम्यान मोठ्या टापूत एकदम होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. हे कोकणाचे आकडे नव्हेत आणि तसे वापरू नयेत, पण आपल्या वहीत काय शोधायचं ते यातून कळतं: पावसाचे दिवस, ६४.५ च्या वरचे दिवस, आणि जुलै-ऑगस्टमधली सर्वांत लांब उघडीप.

मिरग का सरकतो

आता हजारो वर्षांचं कारण, आणि ते पंचांगातच लपलेलं आहे. सूर्य मृग नक्षत्रात जातो तो ७-८ जूनला. पुढे आर्द्रा, पुनर्वसूचा तरणा पाऊस, पुष्याचा म्हातारा, मग आश्लेषा, मघा, थेट हस्ताच्या हत्तीपर्यंत, प्रत्येकाचे तेरा-चौदा दिवस. ही मोजणी ताऱ्यांवरून होते. ऋतू मात्र ताऱ्यांवरून नव्हे, आसाच्या कलावरून ठरतात. भोवरा मंदावताना त्याची दांडी गोल फिरते तसा पृथ्वीचा आस सुमारे २६,००० वर्षांत एक फेरी घेतो. त्यामुळे ताऱ्यांचं वर्ष ऋतूंच्या वर्षापेक्षा वीस मिनिटांनी मोठं भरतं. वीस-वीस मिनिटं साठून ७१ वर्षांत एक दिवस होतो, हजार वर्षांत चौदा दिवस, म्हणजे अख्खं एक नक्षत्र.

हजार वर्षांपूर्वी सूर्य मृगात शिरायचा तो ऋतूंच्या हिशेबाने आजच्या २५ मेच्या सुमारास, जेव्हा हल्ली रोहिणी लागते. तेव्हा मृगाबद्दलची एखादी म्हण खरंच इतकी जुनी असेल, तर ती आजच्या मृगाला लागू पडायची नाही, आणि त्यात पावसाचा काही दोष नाही. आयुष्यभरात मात्र हा फरक एका दिवसाचाच. "आमच्या लहानपणी मिरगात लागायचा" याचं उत्तर इथे शोधू नका. नोंदी ठेवताना नक्षत्राची बेरीज हौसेने करा, तुलना इंग्रजी महिन्यांवर करा.

आसाच्या या डोलण्याने, आणि कक्षा स्वतःही सावकाश वळत असल्याने, सूर्याजवळ असण्याची वेळ ऋतूंमधून साधारण २१,००० वर्षांत एकदा फिरते. दहा-अकरा हजार वर्षांपूर्वी ती उत्तरेच्या उन्हाळ्यात यायची. आशिया जास्त तापायचा आणि मोसमी पाऊस आजच्यापेक्षा जोरात होता. सहाराच्या बऱ्याच भागात तेव्हा गवत आणि तळी होती. आसाचा कल २२.१ ते २४.५ अंशांमध्ये ४१,००० वर्षांनी झुलतो, कक्षा कमी-जास्त लांबट व्हायला सुमारे एक लाख वर्षं लागतात. ही तीन चक्रं मिळून हिमयुगं आणतात आणि नेतात. वीस हजार वर्षांपूर्वी जगभर इतकं पाणी बर्फात अडकलं होतं की समुद्र सुमारे १२० मीटर खाली होता आणि कोकणचा किनारा कित्येक किलोमीटर पश्चिमेला.

लाखो वर्षांचं कारण तर हातात धरता येतं. चिरेखाणीतला ताजा चिरा घ्या: लालसर, जाळीदार, मऊ. त्याच खाणीच्या तळाशी किंवा जवळच्या ओढ्यात काळा कातळ सापडेल. दोन्ही एकाच घरचे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा काळा दगड उष्ण आणि भरपूर पावसाच्या हवामानात सडला, त्यातली सिलिका, कॅल्शियम, मॅग्नेशियम पाण्याबरोबर वाहून गेली, लोह आणि अॅल्युमिनियम मागे राहिले, तो जांभा. पावसाचं पाणी हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आंबट होतं आणि दगड विरघळवतं. विरघळलेलं समुद्रात जाऊन शिंपल्यांत आणि चुनखडीत बंद होतं. हवा जास्त उबदार आणि ओली झाली की हे काम वेगाने चालतं, वायू कमी होतो, पृथ्वी निवते. लाखो वर्षांच्या मापात पृथ्वीचं तापमान आवरणारी व्यवस्था हीच. पण तिचा वेग दगड सडण्याचा. शंभर-दोनशे वर्षांत सोडलेला वायू ती आपल्या पतवंडांच्याही वेळेत आवरणार नाही.

वही वाचताना

समजा तुमच्या गावचा पाऊस सरासरी ३,००० मिमी आणि वर्षागणिक त्यात ६०० मिमी इकडेतिकडे होतात. मग दहा वर्षांच्या सरासरीतही सुमारे १९० मिमीची अनिश्चितता उरते. दोन दशकांच्या सरासरीत अडीच-तीनशे मिमीचा फरक निव्वळ योगायोगाने पडू शकतो. तीसेक वर्षांनी अनिश्चितता ११० वर येते. पावसाच्या बेरजेत बदल उशिरा उमटतो म्हणून कंटाळू नका. तापमान वर्षावर्षात फार उड्या मारत नाही, त्यात कल आधी दिसतो. हापूसच्या मोहोराला थंड रात्री लागतात, म्हणून पहिला मोहोर दिसल्याची तारीख त्याच पानावर लिहा. तेच कलम, दरवर्षी. पावशाची पहिली साद, काजवे दिसल्याची रात्र, विहिरीच्या काठापासून पाण्यापर्यंतचा दोर दर महिन्याच्या १ तारखेला: हे सगळं पाच मिनिटांत होतं.

आकड्यात अचानक पायरी दिसली, म्हणजे एका वर्षापासून पुढे सगळंच दहा टक्के कमी, तर हवामानाआधी माडावर संशय घ्या. मापक बसवताना डोक्याएवढा असलेला माड बारा वर्षांत पाऊस अडवायला लागतो. हवामान सहसा पायरीने बदलत नाही. शेजाऱ्याचं नवं घर, बदललेलं नरसाळं, झिजलेला काटा पायरीने बदलतात. शेजारच्या गावात मापक असेल तर दोन्हींच्या वार्षिक बेरजांचं गुणोत्तर काढा. ते वर्षानुवर्षं सारखं राहून एकदम मोडलं, तर दोष दोघांपैकी एकाच्या अंगणात आहे.

यासाठीच वहीचं पहिलं पान. मापकाचा व्यास, कडेची उंची, समुद्रापासूनचं अंतर, सेन्सरची दुरुस्ती, मोजायची वेळ, मोजणाऱ्याचं नाव. आणि दरवर्षी मे महिन्यात, मापक धुऊन पुसून झाल्यावर, त्याच्याजवळ उभं राहून चार दिशांना चार फोटो. ते छापून चिकटवा. फोन बदलतो, वही राहते. वाळवी लागणार नाही अशा पत्र्याच्या डब्यात ठेवा.